मालेगावचा सुपरमॅन आणि बातमीतलं मालेगाव

२८ फेब्रुवारी २०२५ ला, शुक्रवारी, 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमा देशभर प्रदर्शित झाला. मुंबईच्या सिनेमाधंद्यात शुक्रवार म्हणजे नवा सिनेमा लागण्याचा दिवस. मालेगावात शुक्रवार म्हणजे यंत्रमाग बंद असण्याचा दिवस. आठवडाभर कानात भरलेली खटखट त्या दिवशी थांबते. माणसं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जुम्याच्या नमाजला जातात आणि मग गावभर फिरतात. या फिरण्यातूनच मालेगावचा सिनेमा जन्माला आला.

त्या आठवड्यात नाशिकमधल्या आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत एक सहकारी वर्तमानपत्र वाचत होते. मला पाहून म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावानं कमाल केली हो! पोटाची भ्रांत, पण सिनेमे काढतात." ते मनापासून म्हणाले होते. मीही हसून 'हो' म्हटलं. संध्याकाळी मालेगावला धाकट्या भावाला फोन केला. तो सतरा-अठरा वर्षांचा असल्यापासून मागावर काम करतो आणि मालेगावच्या सिनेमाचा पहिल्या दिवसापासूनचा चाहता आहे. तशाच बातम्या त्यानंही मोबाइलवर वाचल्या होत्या. मला वाटलं होतं, खूश असेल. तो खूश होताच, पण म्हणाला, "बाजी, ये लोग हमको देख के हंसते, हमारे जोक पे नहीं हंसते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मालेगावच्या सिनेमावर पंधरा-वीस वर्षं भरपूर लिहून आलं आहे आणि ते बहुतेक कौतुकाचंच आहे. मग ज्यांचं कौतुक झालं त्यांना हे असं का वाटावं? उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं.

विणकरांचं गाव

नाशिककरांना नारोशंकराची घंटा माहीत असते. गोदावरीला पूर आला की तिचं नाव हमखास निघतं. ज्यांनी पंचवटीतलं ते देऊळ बांधलं त्याच नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकात मोसम नदीच्या काठी मालेगावचा भुईकोट किल्ला उभारला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. पुढं १८५७ च्या उठावानंतरची धरपकड आणि नंतरचे दुष्काळ यांमुळे उत्तरेकडचे मोमीन विणकर कुटुंबकबिल्यासह दक्षिणेकडे निघाले. मुंबई-आग्रा रस्त्यानं येता येता त्यातले बरेच मालेगावात थांबले. हातमाग गेले, यंत्रमाग आले. आज गावात लाखाहून जास्त माग आहेत.

या लोकांनी आपली उर्दू सोबत आणली. तिच्यात इथली मराठी, खानदेशातली अहिराणी आणि दखनी मिसळली. मुशायरे आणि उर्दू शाळा यांसाठी मालेगावचं नाव उर्दूच्या दुनियेत आदरानं घेतलं जातं. पण मागावर बारा तास उभं राहणाऱ्या पोराला रात्री मुशायऱ्याला बसण्याचं त्राण असेलच असं नाही. त्याच्यासाठी सिनेमा होता. थिएटरचं तिकीट परवडेना तेव्हा व्हिडिओ हॉल होते. एक अंधारी खोली, बाकडी, एक टीव्ही आणि व्हीसीआर.

असाच एक व्हिडिओ हॉल नासिर शेख चालवायचे. तिथं अमिताभ असायचा, ब्रूस ली असायचा आणि चार्ली चॅप्लिनही असायचा. लग्नाच्या शूटिंगचं कामही ते करायचे. म्हणजे कॅमेरा हाताशी होता. कुठला प्रसंग चालू असताना प्रेक्षक बिडी प्यायला बाहेर जातो आणि कुठल्या प्रसंगाला बाकडं सोडत नाही, हे रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. सिनेमाचं याहून चांगलं विद्यालय कुठलं?

विनोद कशात होता

२००० च्या सुमारास नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. कॅमेरा लग्नाचा, संकलन व्हीसीआरवर. गब्बरसिंग झाला रबरसिंग, बसंती झाली बासमती. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलवरून आले आणि आगगाडीऐवजी बसच्या मागं लागले. सिनेमा व्हिडिओ हॉलमध्ये लागला आणि गर्दी हटेना.

आता यातला विनोद नीट पाहू. बातमी सांगते की घोडे नव्हते म्हणून सायकली वापरल्या. ते खरं आहे, पण तेवढंच असतं तर लोक एकदा हसले असते. भावाच्या म्हणण्याप्रमाणे प्रेक्षक पुन्हा पुन्हा आले, कारण त्यांना मूळ 'शोले' तोंडपाठ होता. १९७५ सालचा हा सिनेमा व्हिडिओ हॉलमध्ये इतक्या वेळा लागलेला की पुढचा संवाद पडद्याच्या आधी हॉलमधून यायचा. अशा प्रेक्षकाला रबरसिंगच्या प्रत्येक वाक्यामागं गब्बरचं वाक्य ऐकू येत होतं. जिथं दोन्ही जुळतात तिथं टाळी आणि जिथं मुद्दाम चुकवलं आहे तिथं हशा. आमच्या उर्दूत यमक-रदीफ तीच ठेवून थोरामोठ्यांच्या गझलेची थट्टा करायची जुनी रीत आहे. मराठीला ती आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'मुळे माहीत आहे. विडंबन कळायला मूळ कविता ठाऊक असावी लागते. मालेगावचा प्रेक्षक अडाणी नव्हता, तो जाणकार होता. त्याचा विषय 'शोले' होता, इतकंच.

आणि सायकलीचा दुसराही एक अर्थ होता. मालेगावात कामगार सायकलवरूनच कारखान्यात जायचा. स्वतःची सायकल डाकूच्या बुडाखाली पाहून तो स्वतःवर हसत होता. ही गंमत दुसऱ्याच्या गरिबीवर हसण्यापेक्षा फार वेगळी आहे.

मी हे सगळं आज सांगते आहे, तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मी त्या वेळी कॉलेजात होते, गालिब आणि कुसुमाग्रज दोन्ही परीक्षेला होते, आणि भाऊ रबरसिंगची नक्कल करू लागला की मी त्याला झापायची. आमच्या घरात आणि शेजारच्या शिकलेल्या घरांत या सिनेमांना 'वाह्यातपणा' म्हणत. हे कबूल केल्याशिवाय वर्तमानपत्रांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. बाहेरच्या पत्रकारांनी निदान येऊन पाहिलं. आम्ही गल्लीत राहून पाहिलं नाही.

पत्रकार आले ते कशासाठी

बाहेरच्या मोठ्या वर्तमानपत्रांत मालेगावचं नाव तोवर एकाच कारणासाठी यायचं. ऑक्टोबर २००१ मध्ये दंगल आणि पोलीस गोळीबार झाला. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानजवळ बॉम्बस्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली. त्या प्रकरणात मुस्लिम तरुणांनाच पकडण्यात आलं. त्यांची बरीच वर्षं तुरुंगात गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले.

या दोन स्फोटांच्या दरम्यानच्या काळात फैझा अहमद खान या दिग्दर्शिकेनं नासिर शेख आणि मंडळींवर माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. हे लोक 'मालेगाव का सुपरमॅन' कसा काढतात, ते त्यात दिसतं. सुपरमॅन झालेला शफीक मागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. त्याच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबते. तो उडतो कसा? हिरव्या कापडासमोर, ट्रकवर आडवा बांधून. कॅमेऱ्याची क्रेन म्हणजे बैलगाडी. खलनायक असा की त्याला घाणच प्रिय आहे. मालेगावची गटारं पाहिलेल्या माणसाला हा खलनायक कुठून आला हे सांगावं लागत नाही.

माहितीपट देशोदेशीच्या महोत्सवांत गेला आणि २०१२ मध्ये आपल्याकडे थिएटरात लागला. मग बातम्यांचा पूर आला. 'मॉलीवूड' असं नावही पडलं. गावात आधी आनंदच झाला. भावानं आणि त्याच्या दोस्तांनी कात्रणं जपून ठेवली. इंग्रजी कात्रणं तो माझ्याकडे वाचून घ्यायला आणायचा. मी त्याला उर्दूत अर्थ सांगायची आणि सांगता सांगता त्याचा चेहरा बदलताना पाहायची.

त्याच्या तक्रारी तीन होत्या आणि २०२५ मध्येही तिन्ही तशाच होत्या. पहिली, सिनेमाच्या आधी बॉम्ब यायचा. 'बॉम्बस्फोटांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या मालेगावात' अशी सुरुवात, मग सिनेमा. जणू स्फोट गावानं केले होते, गावावर झाले नव्हते. दुसरी, पैसे. सिनेमा किती कमी खर्चात झाला, कॅमेरा कशावर बांधला, नटाला मजुरी किती मिळते. हे सगळं असायचं, पण गोष्ट काय आहे, कोण चांगलं काम करतं, कुठला भाग फसला आहे, यावर एक ओळ नाही. "फ्लॉप सीन भी बताओ ना," तो म्हणायचा. त्याला समीक्षा हवी होती. मिळत होती शाबासकी. तिसरी तक्रार त्याला सर्वांत जास्त लागलेली. विनोद कुणी सांगतच नव्हतं. सांगितला तर असा की विनोद अपघातानं घडला, साधनं नव्हती म्हणून. नाडी मुद्दाम बाहेर ठेवली आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

सुपरमॅनचं मूळ गाव

सुपरमॅनचा स्वतःचा इतिहास इथं आठवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात जेरी सीगल आणि जो शूस्टर ही स्थलांतरित ज्यू घरांतली दोन पोरं होती, विज्ञानकथांची वेडी. १९३३ मध्ये, शाळेत असतानाच, सीगलनं चक्रमुद्रणावर स्वतः काढलेल्या एका हौशी मासिकात 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा आलं. तो सुपरमॅन अजून खलनायक होता. पुढं त्याचा नायक झाला आणि १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो छापला गेला. त्याचे हक्क या दोघांनी १३० डॉलरना विकले होते. चाहत्यांनी घरच्या घरी काढलेल्या चोपड्यातून निघालेला हा माणूस सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी मालेगावात पुन्हा चाहत्यांच्याच हाती आला.

आणि आपल्या जिल्ह्याचं पाहा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला आणि त्यांना आपला कृष्ण पडद्यावर दिसू लागला. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये काम करायला बाई मिळेना, म्हणून खानावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणानं तारामती केली. आज आपण याला साधनांची टंचाई म्हणत नाही. भारतीय चित्रपटाची सुरुवात म्हणतो आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मी नासिर शेखांना फाळक्यांच्या शेजारी बसवत नाही. म्हणणं एवढंच की परक्याचं पाहून आपलं करणं, मिळेल त्या माणसाला मिळेल ते काम देणं ही या जिल्ह्याची जुनी चाल आहे. एकाला आपण कर्ता म्हणतो आणि दुसऱ्याकडे नवलाची वस्तू म्हणून पाहतो.

बातमीत आलं नाही ते

मात्र भावाची बाजू घेताना मला माझीही एक तक्रार सांगायची आहे. ती बातमीवर आहे आणि भावावरही आहे.

'मालेगाव के शोले पाहायला सारं गाव लोटलं', असं लिहिलं जातं. मी त्याच गावात होते. मी व्हिडिओ हॉल आतून कधी पाहिला नाही. माझ्या आईनं नाही, माझ्या एकाही मैत्रिणीनं नाही. मुलींनी तिथं जायचं नसतं, हे कुणी सांगावंही लागत नव्हतं. सिनेमातल्या नायिका बाहेरगावाहून बोलवाव्या लागत, कारण गावातली मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहणं शक्यच नव्हतं. आम्हाला 'शोले' कळला तो भावांच्या तोंडून, रात्री अंगणात, नकला करून. सीडी घरी आली ती नंतर. तेव्हा 'सारं गाव' म्हणजे अर्धं गाव. पत्रकारांना हे दिसलं तेव्हा त्यांनी ते मागासलेपणाच्या खात्यात टाकलं आणि पुढं गेले. भावाला तर ते खटकतच नाही. फाळक्यांच्या सिनेमात बाई नव्हती, पण त्यांच्या घरात सरस्वतीबाई फिल्म धुवायला आणि भोकं पाडायला बसत होत्या. मालेगावात शूटिंगच्या पोरांना कुणी डबे दिले, सुपरमॅनचा झगा कुणाच्या घरी शिवला गेला, हे विचारायला कुणी आलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसरी गोष्ट शफीकची. सुपरमॅन झालेला हा तरुण २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगानं गेला. बातम्यांनी ते हळहळून लिहिलं. पण बारा तासांच्या पाळीत झोप येऊ नये म्हणून गालात काय दाबून ठेवलं जातं, ते मालेगावातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. या विषयावर बातमीनं पुढं जायला हवं होतं आणि चाहत्यांनीही. आम्ही दोघांनी त्याची दंतकथा केली.

आणि कधी कधी बातमी बरोबर असते, आपल्याला ती टोचते एवढंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात 'टायगर ३' चालू असताना प्रेक्षकांनी आतच फटाके आणि रॉकेट उडवले. चित्रफीत देशभर फिरली. खुद्द सलमान खाननं असं करू नका म्हणून सांगितलं. भाऊ तेव्हाही वर्तमानपत्रांवर चिडला होता, 'हमको ही दिखाते' म्हणाला. मी त्याला विचारलं, "आत तुझा मुलगा असता तर?" तो गप्प बसला.

फिरून तिथंच

'सुपरबॉइज'ची दिग्दर्शिका रीमा कागती आणि लेखक वरुण ग्रोवर. निर्मात्यांत फरहान आणि झोया अख्तर. म्हणजे 'शोले' लिहिणाऱ्या जावेद अख्तर यांची मुलं. ज्या सिनेमाची मालेगावनं थट्टा केली, त्याच्या लेखकाच्या मुलांनी थट्टा करणाऱ्यांवर सिनेमा काढला. माझ्या भावाला या बातमीतली हीच गोष्ट सर्वांत आवडली. "अब हिसाब बराबर," तो म्हणाला. नव्या सिनेमाबद्दल त्याची मतं आहेत, काही बरी, काही तिखट. मला ती ऐकून बरं वाटलं, कारण ती चाहत्याची मतं होती. आभारी माणसाची नव्हती.

मधल्या काळात गाव थांबलेलं नाही. व्हिडिओ हॉल गेले, मोबाइल आला. आता मालेगावची खानदेशी विनोदी मंडळी यूट्यूबवर आहेत आणि छोटू दादाचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले जातात. नाशिकच्या माझ्या वर्गातल्या मुलांना नासिर शेख माहीत नाहीत, छोटू दादा पाठ आहे. ही मुलं मोबाइलवर बघतात, म्हणून त्यात मुलीही आहेत. वीस-पंचवीस वर्षांत झालेला हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. तो कुठल्या मथळ्यात नव्हता.

बातमीला दोष देऊन आपलं काम संपत नाही. पत्रकार दोन दिवसांसाठी येतो, त्याला जे नवल वाटतं ते लिहितो. त्यानं लिहिलं म्हणून निदान नावं आणि तारखा उरल्या. विनोद कशाचा होता, हे त्या बाकड्यांवर बसलेल्यांनीच सांगायला हवं. ती पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे आणि व्हीएचएसच्या फितीला बुरशी लागते.

म्हणून या उन्हाळी सुटीत मी मालेगावला गेले तेव्हा एक दोनशे पानी वही नेली. भावाला समोर बसवलं आणि म्हटलं, "शुरू से बता. कौन सी जगह पे हॉल हंसता था?" आधी लाजला. मग उठून उभा राहिला आणि रबरसिंग झाला. पंचवीस वर्षांपूर्वी याच नकलेसाठी मी त्याला झापलं होतं. या वेळी मी लिहून घेत होते. स्वयंपाकघराच्या दारात आमची अम्मी उभी होती. एका ठिकाणी भाऊ संवाद विसरला, तर तो तिनं सांगितला. तिनं तो सिनेमा कधीच पाहिलेला नाही.

वहीत मी दोघांचीही नावं लिहिली आहेत.